वाळूचा झोत

दिवाळी जवळ आली म्हणजे आमच्या लहानपणीं घरांतील तांब्यापितळेचीं सारीं भांडीं परसांत आणून मांडलीं जात. आणि चिंच, राख व नारळाची शेंडी ह्या तीन साधनांनीं त्यांचा वर्षभराचा काळेपणा नाहींसा होई. चिंचेचें आम्ल डाग सैल करी, राखेचे बारीक कण तो खरवडून काढीत, आणि ह्या दोहोंच्या मागें हाताचा जोर असे. भांडें लखलखूं लागलें म्हणजे आम्ही मुलें त्यांत तोंड पाहत असूं; भांडीं घांसणाऱ्या बाईचे हात पाहण्याचें मात्र आम्हां कोणास कधीं सुचलें नाहीं. त्या हातांची आठवण आम्हांस फार वर्षांनीं झाली, आणि ती मुंबईच्या एका गोदींत.

आमचा एक जुना विद्यार्थी आतां इंजिनियर आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही सुकी गोदी पाहण्यास गेलों होतों. पाण्याबाहेर काढलेलें एक जहाज तेथें टेकूंवर उभें होतें. त्याच्या पोटावर गंजाचे पोपडे, जुन्या रंगाच्या खपल्या आणि समुद्रांतील कवचधारी जीवांचे थर बसले होते. त्या पोटासमोर, डोक्यापासून छातीपर्यंत शिरस्त्राण चढविलेला एक मनुष्य खांद्यावर जाड नळी घेऊन उभा होता. नळीच्या तोंडांतून कर्कश आवाज करीत एक झोत निघत होता, आणि तो जेथें लागे तेथें तांबडा-काळा थर उडून जाऊन खालचें करडें, निर्मळ लोखंड उघडें पडे. कांहीं वेळानें काम थांबलें आणि शिरस्त्राण उतरलें. आंत विशी-बाविशीचा एक तरुण होता. त्यानें आधीं पाणी मागितलें, आणि मग आमच्याकडे पाहून तो हंसला.

विद्यार्थ्यानें आम्हांस सांगितलें, "सर, त्याला दोन नळ्या लावलेल्या आहेत. कॉम्प्रेसरची हवा एका नळींतून खडीचे कण घेऊन जाते. दुसरींतून तीच हवा गाळून त्याच्या शिरस्त्राणांत श्वासासाठीं सोडतात." म्हणजे एकाच दाबलेल्या हवेचे दोन भाग होतात, एक लोखंडावर प्रहार करतो आणि दुसरा माणसाला जगवितो. ह्या दोन नळ्यांपैकीं पहिली जगांत केव्हां आली आणि दुसरी यावयास किती उशीर लागला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

इतिहासाच्या पुस्तकांत इ. स. १८७० हें साल फ्रान्स व प्रशिया ह्यांच्या युद्धाचें साल म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु त्याच सालीं, परस्परांशीं कांहीं एक परिचय नसलेल्या माणसांच्या हातून, आणखी तीन गोष्टी घडल्या. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील एका गृहस्थानें वाळूच्या झोतानें दगड, कांच व धातु कापण्याचें पेटंट घेतलें. आल्प्स पर्वतांत दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांनीं खणलेल्या पहिल्या मोठ्या बोगद्याचीं दोन टोकें एकमेकांस मिळालीं. आणि इटालींतील मिलान शहराच्या रुग्णालयांत अकिले व्हिस्कोंती नांवाच्या वैद्यानें, दगडाच्या धुळीनें होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगास 'सिलिकोसिस' हें नांव दिलें. वाळू, हवा आणि रोग हीं तिन्हीं एकाच वर्षीं नोंदलीं गेलीं. पण तीं एकाच वाक्यांत येण्यास पुढें कित्येक दशकें जावीं लागलीं.

प्रथम वाळूकडे वळूं. वाऱ्यानें उडणारी वाळू दगड झिजविते हें वाळवंटांतील लोकांस ठाऊक असलें पाहिजे. पण शास्त्रीय डोळ्यानें तें पाहून लिहून ठेवणाऱ्यांत विल्यम ब्लेक ह्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाचें नांव आधीं घ्यावें लागतें. १८५३ सालीं रेल्वेच्या पाहणीसाठीं कॅलिफोर्नियांतील एका खिंडींतून जात असतां, तेथील खडक वाळूनें घांसून गुळगुळीत झालेले त्यास आढळले. खडकाचा मऊ भाग झिजून गेला होता. पण जेथें मध्यें गार्नेटचा कठीण खडा आला होता तेथें त्याच्या आडोशाचा भाग तसाच शिल्लक राहून, वाऱ्याच्या दिशेकडे बोट दाखवावें तसे लहान लहान सुळके उभे राहिले होते. निसर्गानें हें काम शतकानुशतकें केलें होतें. तेंच काम कांहीं मिनिटांत उरकण्याची कल्पना ज्यास सुचली तो बेंजामिन च्यू टिल्घमन.

टिल्घमन १८२१ सालीं जन्मला. शिक्षणानें तो वकील. पण ओढा रसायनशास्त्राकडे. लांकडाच्या लगद्यापासून कागद करण्याच्या सल्फाइट पद्धतीचें पेटंट त्यानेंच १८६७ सालीं घेतलें. ती पद्धत व्यवहारांत आणण्याचें श्रेय मात्र त्यास मिळालें नाहीं. तें पुढें स्वीडनमध्यें दुसऱ्याच्या वांट्यास गेलें. अमेरिकेंतील यादवी युद्धांत तो उत्तरेकडील सैन्यांत कर्नल होता, आणि १८६३ सालीं चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईंत जखमी झाला. बरा झाल्यावर त्यानें तिसऱ्या कृष्णवर्णीय पलटणीचें आधिपत्य स्वीकारलें. ह्या पलटणींतील शिपाई निग्रो होते. त्यांतील पुष्कळांनीं अथवा त्यांच्या वाडवडिलांनीं गुलामगिरी भोगलेली होती. अशा पलटणीचें नायकत्व पतकरणें त्या काळीं गोऱ्या अधिकाऱ्यास प्रतिष्ठेचें नव्हे तर टीकेचें कारण होई, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

युद्धाच्या धामधुमींत, खिडकीच्या कांचा वाऱ्यावरील वाळूनें आंधळ्या झालेल्या पाहून त्यास ही युक्ति सुचली, अशी एक कथा सांगतात. अशा कथा न्यूटनच्या सफरचंदाच्या जातीच्या असतात. त्या खऱ्या असोत वा नसोत, लोकांस हव्या असतात. निश्चित आहे तें एवढेंच, कीं १८ ऑक्टोबर १८७० रोजीं त्यास अमेरिकेचें पेटंट मिळालें. वाफेच्या, हवेच्या अथवा पाण्याच्या वेगवान झोतांत वाळू सोडावी आणि तो झोत पदार्थावर मारावा, एवढाच त्याचा सारांश.

युक्ति साधी, पण तिचे परिणाम त्या वेळच्या लोकांस चक्रावून टाकणारे होते. दर चौरस इंचास ३०० पौंड दाबाच्या वाफेनें फेंकलेल्या वाळूनें कुरुंदाच्या दीड इंच जाड तुकड्यास सुमारें २५ मिनिटांत आरपार भोंक पडलें. कुरुंद हा हिऱ्याच्या खालोखाल कठीण, आणि वाळू त्याहून पुष्कळच मऊ. मऊ पदार्थानें कठीण पदार्थास कापावें हें आपल्या नित्याच्या अनुभवाविरुद्ध आहे. परंतु येथें कठीणपणापेक्षां वेगास महत्त्व आहे. प्रत्येक कण आपल्या आघातानें एक अतिसूक्ष्म कपचा उडवितो, आणि असे लक्षावधि कण एकामागून एक येऊन आदळतात.

ह्याहूनहि चमत्कारिक गोष्ट पुढेंच आहे. जो झोत कांच व संगमरवर खातो, तोच रबर, कागद अथवा कापडाची जाळी ह्यांच्यापुढें जवळजवळ निष्प्रभ होतो. कांचेवर नुसती नाजूक जाळी अंथरून झोत सोडला तर उघडी कांच धुरकट होते, आणि जाळीखालची तशीच राहून तिची नक्षी उमटते. कारण उघड आहे. कठीण आणि ठिसूळ पदार्थ आघातास प्रतिकार करतो म्हणून फुटतो. लवचिक पदार्थ क्षणभर दबतो व पुन्हा पूर्ववत् होतो. आमच्या संतांनीं वृक्ष व लव्हाळे ह्यांचा दाखला देऊन नम्रतेचा जो धडा शिकविला, तोच पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत येथें सिद्ध झालेला दिसतो.

आतां हवेकडे येऊं. टिल्घमननें आरंभीं मुख्यतः वाफ वापरली. पण वाफेनें वाळू ओली होते, तिचे गोळे बनतात, आणि उष्णतेचा उपद्रव होतो तो निराळाच. कोरडी व थंड अशी दाबलेली हवा ह्या कामास योग्य. अडचण होती ती तशी हवा मुबलक व स्वस्त मिळण्याची. हवेचा दाब हा मनुष्याचा जुना नोकर आहे. लोहाराचा भाता म्हणजे दुसरें काय? परंतु भात्याची हवा निखारा फुलविते. ती दगड फोडीत नाहीं. दगड फोडणारी हवा प्रथम मोठ्या प्रमाणावर कामास लावली ती फ्रान्स व इटालीमधील माँ सनीच्या बोगद्यांत. सुमारें १३ किलोमीटर लांबीचा हा बोगदा १८५७ सालीं सुरू झाला तेव्हां तो हातानें खणावयास पाव शतक लागेल असा अंदाज होता. जर्मेन सोमेये ह्या इंजिनियरानें डोंगरांतील ओढ्यांच्या पाण्याच्या जोरावर हवा दाबून ती नळांनीं बोगद्यांत नेली, आणि १८६१ पासून तिच्यावर छिद्रें पाडण्याचीं यंत्रें चालविलीं. १८७० च्या डिसेंबर अखेर दोन्ही बाजूंचे मजूर एकमेकांस भेटले. पुढील वर्षीं सप्टेंबरांत बोगदा खुला झाला. पण तो समारंभ पाहण्यास सोमेये जिवंत नव्हता. दोनच महिन्यांपूर्वीं, जुलैंत, तो वारला होता.

ह्या बोगद्यांतील एक गोष्ट आमच्या विषयास फार जवळची आहे. यंत्र चालवून बाहेर पडणारी हवा तेथेंच मोकळी होई आणि खोल अंधारांतील मजुरांस ताजा श्वास मिळे. वाफेचें यंत्र तेथें नेलें असतें तर धुरानें माणसें गुदमरलीं असतीं. म्हणजे काम करणारी हवा आणि श्वास देणारी हवा हीं दोन्ही कामें एकाच नळानें केलीं होतीं. वाळूचा झोत सोडणाऱ्यांनीं हा धडा त्याच वेळीं उचलला असता तर!

झोताचें पहिलें मोठें काम जें निघालें तें स्मशानांतलें. यादवी युद्धानंतर उत्तरेकडील सुमारें तीन लक्ष सैनिकांचे देह रणांगणांवरून उकरून राष्ट्रीय दफनभूमींत पुन्हा पुरण्यांत आले होते. त्यांवर लांकडाच्या फळ्या होत्या. त्या चार-सहा वर्षांत कुजत आणि नांवें पुसून जात. सैन्याच्या पुरवठाखात्याचा प्रमुख माँटगोमेरी मेग्ज ह्याचें मत जस्त चढविलेल्या ओतीव लोखंडाच्या खुणा बसवाव्या असें होतें. परंतु लोकमत दगडाच्या बाजूचें पडलें. १८७३ सालीं काँग्रेसनें ह्या कामासाठीं दहा लक्ष डॉलर मंजूर केले. प्रश्न असा, कीं लाखों दगडांवर नांवें कोरावयाचीं कोणीं? छिन्नी-हातोडीनें कोरणाऱ्यांची एक पिढी ह्यांत खर्ची पडली असती. व्हर्मांट संस्थानांतील रटलंडच्या संगमरवराच्या कारखान्यांत ह्यास वाळूचा झोत उपयोगी पडला. दगडावर लोखंडी अक्षरें मांडावयाचीं व भोंवतीं ढालीच्या आकाराची चौकट ठेवावयाची. झोत सोडला म्हणजे उघडा संगमरवर खोल जाई आणि अक्षरांखालचा भाग उठून राही. मग तींच अक्षरें उचलून दुसऱ्या नांवासाठीं जुळवावयाचीं. जणूं दगडावरील छापखानाच.

ह्या दगडांपैकीं कित्येकांवर कृष्णवर्णीय पलटणींचीं आद्याक्षरें आहेत. ज्या कर्नलानें अशा पलटणीचें नेतृत्व केलें त्याच्याच युक्तीनें तसल्या शिपायांचीं नांवें दगडावर राहिलीं. टिल्घमनच्या मनांत पेटंट घेतांना असें कांहीं होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्यांचें नांव जिवंतपणीं कित्येकदां मालकाच्या हिशेबवहींतच लिहिलें जाई, त्यांचें नांव गोऱ्या सोबत्यांच्या नांवासारख्याच घडणीच्या अक्षरांत कोरलें जावें, हें यंत्रानें नकळत साधलेलें एक पुण्यकर्म आहे असें आम्हांस वाटतें.

पुढें झोताचा व्याप झपाट्यानें वाढला. बोथट कानशींस धार लावणें, कांचेवर नक्षी काढणें, ओतीव कामाला चिकटलेली सांच्याची माती उडविणें, पुलांचा व जहाजांचा गंज काढणें, अशीं शेंकडों कामें त्याच्याकडे आलीं. विसाव्या शतकाच्या आरंभापासून चांगले कॉम्प्रेसर मिळूं लागले व वाफ मागें पडली. रंग देण्यापूर्वीं लोखंड कसें असावें ह्याचें शास्त्र बनलें. कारण गंजावर दिलेला रंग गंजासकट गळून पडतो, आणि निर्मळ व किंचित् खरखरीत पृष्ठावर दिलेला वर्षानुवर्षें टिकतो. १९६७ सालीं स्वीडननें स्वच्छतेच्या पायऱ्या छायाचित्रांसह ठरवून दिल्या, आणि त्यांतील 'एस्-ए अडीच' ही संज्ञा आज आपल्याकडील गोदींतला मुकादमहि सहज उच्चारतो. कोल्हापूरकडील ओतशाळांत सुटे भाग स्वच्छ होतात ते ह्याच कुळांतील यंत्रांनीं. मात्र तेथें वाळूच्या जागीं पोलादाचे बारीक गोळे असतात.

स्वच्छतेचाहि अतिरेक होतो, हें वास्तुरक्षक बऱ्याच उशिरा शिकले. भाजलेल्या विटेचें कठीण कवच झोतानें उडालें म्हणजे आंतील मऊ माती पाऊसपाण्यास उघडी पडते. म्हणून अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय उद्यान खात्यानें १९७९ सालीं एक पुस्तिका काढून जुन्या इमारतींवर झोत सोडण्याविरुद्ध इशारा दिला. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा जीर्णोद्धार १९८६ सालीं पुरा झाला. त्या कामांत तिच्या तांब्याच्या आंतील बाजूस चिकटलेलें डांबर काढण्यासाठीं वाळू नव्हे, तर खाण्याचा सोडा झोतांत वापरला गेला. तांबें नाजूक, म्हणून माणसानें प्रहारहि नाजूक निवडला. तांब्याविषयीं दाखविलेला हा विवेक माणसांच्या छातीविषयीं केव्हां दाखविला गेला, तें आतां पाहूं.

वाळू म्हणजे बव्हंशीं गारेचा चुरा. झोतांतील कण आपटला म्हणजे स्वतःहि फुटतो, आणि त्याची अशी भुकटी होते कीं ती डोळ्यांस दिसतहि नाहीं. नाकांतील केंस व घशांतील कफ मोठ्या धुळीस अडवितात. ही सूक्ष्म धूळ त्यांस चुकवून फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोंचते. तेथें शरीराचे रक्षक पेशी तिला गिळतात व स्वतःच मरतात. त्या जागीं व्रणासारखे कठीण तंतु बनतात. फुप्फुस आपली लवचिकता गमावतें. वर सांगितलेल्या नियमाचा हा किती क्रूर प्रत्यय आहे! जें लवचिक होतें म्हणून टिकत होतें, त्यालाच ही वाळू कठीण करून सोडते. अशा माणसास क्षयहि लवकर गांठतो, आणि झालेली हानि भरून काढणारें औषध अद्यापि नाहीं.

हें अज्ञानामुळें घडलें असें म्हणण्याची सोय नाहीं. अग्रिकोला ह्या जर्मन पंडितानें १५५६ सालच्या आपल्या ग्रंथांत, कार्पेथियन पर्वतांतील खाणींजवळ सात सात नवरे गमावलेल्या स्त्रिया असल्याचें लिहिलें आहे. रामात्सिनी ह्या इटालियन वैद्यानें १७०० सालीं पाथरवटांच्या दम्याचें वर्णन केलें. रोगाचें नांवहि, आम्ही वर सांगितल्याप्रमाणें, पेटंटाच्याच वर्षींचें. तरी सुद्धां वाळूच्या झोतापुढें तोंडाला फडकें बांधून माणसें उभीं राहिलीं. छिन्नीनें काम करणारा पाथरवट ही धूळ आयुष्यभर थोडी थोडी घेई; झोतवाला ती कांहीं वर्षांतच घेऊं लागला. यंत्रानें कामाचा वेग वाढविला, त्याबरोबर मरणाचाहि वाढविला.

१९३० सालीं जोहान्सबर्ग येथें ह्या रोगावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ब्रिटननें १९४९ च्या नियमांनीं ओतीव कामाच्या सफाईच्या झोतांत वाळू वापरण्यास बंदी केली. म्हणजे पेटंटापासून ७९ वर्षांनीं! अमेरिकेंतील सरकारी आरोग्यसंस्थेनें १९७४ सालीं अशाच बंदीची शिफारस केली. ती सरसकट अंमलांत आली नाहीं, पण २०१६ सालीं हवेंतील धुळीची मर्यादा दर घनमीटरास ५० मायक्रोग्रॅमपर्यंत खालीं आणण्यांत आली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यानें सिलिकोसिस हा कळविण्याजोगा रोग ठरविला. महाराष्ट्राच्या १९६३ च्या नियमांत झोताचें काम धोक्याच्या कामांच्या यादींत आहे. कायदा आहे, परंतु जेथें वीस माणसांची नोंद व चाळीसांची हजेरी असते, जेथें मजूर सहा महिन्यांनीं गांवीं जातो आणि खोकला घेऊन परत येतच नाहीं, तेथें कायद्यास रोगी सांपडावा कसा?

आणि हा केवळ लोखंडाचा प्रश्न राहिलेला नाहीं. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं तुर्कस्तानांत नव्या जीन्सच्या विजारी वाळूच्या झोतानें घांसून जुन्या दिसतील अशा करण्याचा धंदा बोकाळला. इस्तंबूलच्या कोंदट खोल्यांत बिंगोलसारख्या पूर्वेकडील गरीब प्रांतांतून आलेलीं पोरें हें काम करीत. वैद्यांस त्यांच्यांत सिलिकोसिस आढळला. कित्येक ऐन विशींत मेले. २००९ सालीं तेथील सरकारनें ह्या कामास बंदी घातली. गंज काढणें ही निदान गरज आहे; पण नव्या कापडास जुनें दाखविण्यासाठीं तरुण छातीला म्हातारें करावें, ह्याला काय नांव द्यावें तें आम्हांस कळत नाहीं.

कोणी म्हणेल, कीं मग हा झोतच नको. आमचें म्हणणें तसें नाहीं. गंजलेला पूल पडला तर माणसेंच मरतात, आणि छिन्नीच्या युगांत परत जाऊनहि पाथरवटाची छाती वांचत नाहीं. शिवाय उपाय नवे शोधावयाचे नाहींत. वाळूच्या जागीं पोलादाचे कण, गार्नेट अथवा निवडक मळी वापरतां येते; काम बंद खोलींत करून धूळ ओढून घेतां येते; पाण्याचा शिडकावा देतां येतो; आणि माणसास गाळलेल्या हवेची नळी देतां येते. ह्यांतील एकहि गोष्ट दुर्मिळ नाहीं. लागतात ते पैसे, आणि पैसे देणारास ते द्यावयास लावणारी नजर.

त्या दिवशीं गोदींतून परततांना आम्हीं त्या तरुणास विचारलें, "ही दुसरी नळी नेहमीं असते का रे?" तो म्हणाला, "इथं असते, साहेब. मागं होतो तिथं नव्हती." एवढें बोलून त्यानें शिरस्त्राण पुन्हा चढविलें. त्या मागच्या ठिकाणीं आज त्याच्या जागेवर कोण उभा असेल, हा प्रश्न आम्हांस घरीं पोंचेपर्यंत सुटला नाहीं. जिन्याचा कठडा, फाटकाच्या सळया, खिडकींतील धुरकट कांच, ह्यांतील कोणती वस्तु कोणाच्या झोताखालून आली हें आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि तें विचारण्याची आम्हांस आजवर कधीं गरजहि वाटली नव्हती. लहानपणीं लखलखीत भांड्यांत आम्ही आपलेंच तोंड पाहिलें; आतां निदान तें कोणीं घांसलें आणि त्याचा श्वास कसा चालला आहे, एवढें विचारण्याचें वय आमचें खास झालें आहे.